पोटातली उचकी

१

दुपारची भांडी घासून पालथी घातली, की आमच्या घरात कुणी कुणाचं नसतं. माझा लेक सुगत सकाळीच डबा घेऊन देवगाव फाट्याला जातो. तिथं त्याचं दुकान हाय, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. सून संघप्रिया अंगणवाडीतून येती, दोन घास खाती आन् सैपाकघरातल्या गार फरशीवर आडवी होती. मी बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटंपाशी खाली बसायची. गोधडी मांडीवर घ्यायची, टाके घालायचे, डोळा लागला तर लागू द्यायचा. पंखा कुरकुरतो. रस्त्यावर ऊन असं पांढरं पडतं, की कुत्रं बी सावली सोडून हलत न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात त्या खाटंवर सुकेशनी होती. सुगतची थोरली, माझी नात. जिंतूरला शाळेवर बाई हाय, पोरांना विज्ञान शिकवती. पहिलं बाळंतपण माहेरात, म्हणून सुट्ट्या लागल्या तशी आली. नवरा धम्मपाल बँकेत. तो रविवारी येऊन तोंड दाखवून जायचा. शाळेला सुट्टी लागली, पर तिच्यातल्या बाईला काही सुट्टी नव्हती. कुशीवर व्हायची आन् माझे हात बघत पडायची.

“आजी, बोटात मांसच नसतं, ठाव हाय का तुला?” एक दिवस म्हणली.

“मग हे काय हाय, लाकूड?”

“हाडं, कातडं आन् दोऱ्या. बोट हलवणारं मांस बरंचसं इथं, कोपराच्या खाली. तिथून दोऱ्या निघत्यात त्या बोटाच्या टोकापतुर.” तिनं माझ्या कोपराखाली दाबून धरलं. “आता घाल टाका.”

मी टाका घातला. तिच्या बोटाखाली, माझ्याच हातात, गोधडीखालून उंदीर पळावा तसं काहीतरी सरकलं. जलमभर भाकरी थापल्या, कापूस वेचला, लेकरं न्हाऊ घातली, पर हे मला ठाव नव्हतं.

“आन् ह्या दोऱ्या वढतं कोण?”

“मेंदू. नसांतून सांगावा धाडतो.”

“मला न विचारता?”

“काही विचारून, काही न विचारता. टाका तू घालतीस. पर काळीज तू चालवतीस का? झोपंत श्वास तू घेतीस का? ते आपलं आपण चालतं.”

ती बोलता बोलता झोपली. मी मात्र बोटं मिटत, उघडत बसले. उघड म्हणलं की उघडायची. मला वाटलं, एखाद्या दिवशी मी न म्हणता उघडली तर?

२

असंच एका दुपारी तिनं माझा हात धरला आन् पोटावर ठेवला. गाऊनखाली पोट कलिंगडावानी गच्च. त्यात काहीतरी झालं, टुक. मग थांबलं. मग परत टुक.

“लाथ मारायलंय,” मी म्हणलं.

“लाथ अशी एका मापानं मारत असत्यात व्हय? उचकी लागलीय त्याला.”

“पोटातल्याला उचकी?”

“छातीखाली मांसाचा एक पडदा असतो. त्यानं श्वास आत-बाहेर होतो. बाळाला हवा कुठंय अजून, पर पडदा आपली तालीम करतो. मधीच झटका बसतो.”

मला हसू आलं. माझ्या सासऱ्यानं छप्पन साली बौद्ध झाल्यावर देव्हारा दुधना नदीत सोडला. नवस गेले, अंगात येणं गेलं, आमच्या मालकाचं सटवाजी हे नाव तेवढं मागं राहिलं. पर उचकी लागली की आठवण कुणी काढली म्हणून नावं घ्यायची, हे काही आमच्यातनं गेलं न्हाई. त्याला देव लागतच न्हाई. ज्याच्या नावाला उचकी थांबंल, त्यानं आठवण काढली.

“कुणीतरी आठवण काढायलंय त्याची,” मी म्हणलं. “बापाचं नाव घे.”

“धम्मपाल.”

टुक.

“तो जेवून टेबलावर पेंगत असंल, त्याला कुठली आठवण,” सैपाकघरातून संघप्रिया म्हणली.

“लक्ष्मीबाई,” सुकेशनीनं जिंतूरच्या सासूचं नाव घेतलं. टुक.

“त्या आठवण काढत असत्याल तर आयत्या चहाची.”

गंगाखेडला दिलेल्या माझ्या लेकीचं, धम्मशीलाचं नाव घेतलं. सुगतचं घेतलं. टुक, टुक. नावं सरली. मेलेल्याचं नाव पोटाशी कुणी घेत न्हाई, म्हणून मालकाचं घेतलं न्हाई.

“मग तुमचंच घ्या की आत्याबाई. सारखं तिच्या पोटाकडं डोळे लावून बसलाव.”

“मी तर हितंच हाय. माझा हात हाय त्याच्यावर. जवळ बसलेलं माणूस आठवण काढतं का?”

“घ्या तरी.”

मी हसत हसतच म्हणलं, “गीताबाई.”

पोट गप झालं.

मी हात तसाच ठेवला. पंख्याचं कुरकुरणं तेवढं ऐकू येत होतं. सुकेशनी म्हणली, “सापडला चोर.” मी बी हसले. पर हात काढून घेताना मला असं वाटलं, की पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलत होतं आन् माझी चाहूल लागून थांबलं.

३

मग ती रोजची गोष्ट झाली. जेवणं आटपली की पोटात उचकी सुरू व्हायची. मी नाव घेतलं की थांबायची.

“तुझा आवाज वळखतंय ते,” सुकेशनी म्हणली. “पोटात असल्यापासून लेकराला आवाज कळतो.”

तिनं स्वतः नाव घेऊन बघितलं. थांबली. मग म्हणली, आई, तू घे.

संघप्रिया पदर खोचत बाहेर आली. लगीन होऊन आल्यापासून तिनं माझं नाव एकदा बी तोंडानं घेतलेलं न्हाई. आमच्यात सून घेत नसती. “मोका आलाय तर सोडू कशाला,” म्हणली, आन् किराणा दुकानात हाक मारावी तसं म्हणली, “गीताबाई.”

थांबली.

“परत म्हणू का?”

“एकदा बास झालं,” मी म्हणलं.

चौथं माणूस म्हणून सुगतला फोन लावला. फोन पोटापाशी धरला. दुकानात मोटार फिरायचा आवाज येत होता. “काय येड लागलं का तुमाला दुपारच्याला,” म्हणला तो, पर लेकीच्या हट्टापुढं त्यानं आईचं नाव घेतलं. मोटारीचा आवाज चालूच होता. माझ्या तळहाताखालचा आवाज मात्र थांबला.

सुकेशनी उशीला टेकून बसली. “आजी, उचकी कधी ना कधी थांबतीच,” ती म्हणली. वर्गात म्हणत असंल तशीच. “माणसं थांबेपतुर नावं घेत्यात, आन् शेवटचं नाव खरं धरत्यात. एवढंच असतं ते.”

बरोबरच होतं तिचं. मी मान हलवली.

पर आमी आता शेवटचं नाव घेत नव्हतो. पहिलंच घेत होतो. हे तिच्या बी ध्यानात आलं असावं, कारण त्या दिवसापासून तिनं तो खेळ बंद केला.

४

मला एक अक्षर वाचता येत न्हाई, पर आठवतं. गावात कुणाचं लगीन कोणत्या सालच्या सुगीत झालं, कुणाच्या बैलानं कुणाला शिंग लावलं, कुणाच्या अंगावर तवा कसलं लुगडं होतं, हे विचारायला माणसं माझ्याकडं येत्यात. मी डोळे मिटले की ते समोर उभं राहतं, वासासगट. जलमभर त्या आठवणीची मला शेखी होती. त्या उन्हाळ्यात तिचं भ्या वाटायला लागलं.

गोधडी मांडीवर घेऊन मी इचार करायची. आपण आठवण कुणाची काढतो? समोर असलेल्याला बघतो, त्याची आठवण काढत न्हाई. जो निघून गेला त्याची काढतो. मग हे लेकरू तर अजून आलंच न्हाई. जे आलंच न्हाई त्याची आठवण काढायची तर माणूस पुढं कुठंतरी बसलेलं पाहिजे, सगळं होऊन गेल्यावर. आन् ते माणूस मीच. पुढच्या कोणत्या तरी दुपारी मी ह्याच खाटंपाशी बसलेली असंल, आन् लेकरू माझ्यापाशी नसंल.

लगेच दुसरं मन म्हणायचं, नसंलच की. नात सासरी जाणार, लेकराला घेऊन जाणार. म्हातारी आठवण काढणारच. जिंतूर काय परदेशी हाय? यात भ्यायचं काय?

मग पहिलं मन म्हणायचं, जे लेकरू फोनवर रोज दिसतं, त्याची अशी आठवण काढत्यात का? रोज, जेवण झालं की, नेम धरून?

एकदा विचारलं मी सुकेशनीला. “पोरी, जे अजून झालं न्हाई त्याची आठवण कुणी काढू शकतं का?”

तिनं माझ्याकडं बघितलं. हसंल असं वाटलं होतं. ती म्हणली, “आजी, तू दुपारी विहारात जाऊन बसत जा जरा. तिथं हवा लागती.”

मी गेले. विहाराच्या सावलीत बायांसंगं शेंगा फोडत बसले. लेकराचा इचार मनात येऊ दिला न्हाई. दुसऱ्यांच्या सुनांच्या कागाळ्या काढल्या, आधीच्या दुष्काळातल्या गोष्टी सांगितल्या. घरी आले. सुकेशनीला विचारलं, आज गप होतं का? ती म्हणली, न्हाई. लय वेळ चालली.

म्हंजी मी आठवत नव्हते. ती, पुढच्या दुपारी बसलेली, आठवत होती. तिच्यावर माझी सत्ता नव्हती.

५

मग तो दिवस. सकाळपासून लाईट गेलेली. खिडकीला ओलं पोतं लावलं होतं, त्यातून येणारा उजेड चहाच्या रंगाचा होता. सुकेशनी उताणी झोपलेली, तोंड अर्धवट उघडं. संघप्रिया आत घोरत होती. मी खाली बसून उजवा हात पोटावर ठेवला होता आन् डोकं खाटंच्या दांड्याला टेकलं होतं. उचकी चालू होती. तिच्या तालावर मला कधी झोप लागली कळलं न्हाई.

जाग आली तवा उजेड सरकला होता आन् उचकी चालूच होती.

इतकी ती कधीच चालली नव्हती. मी हळूच म्हणलं, “गीताबाई.”

टुक.

जरा मोठ्यानं म्हणलं. टुक. मी नाव घेत राहिले, ती वाजत राहिली. माझं नाव मलाच दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागलं.

तवा मला तो हात दिसला.

खाट आमची भिंतीला लागून असती. मधी केरसुणी उभी राहील एवढीच फट. तिथून एक हात आला होता, डावा, म्हाताऱ्या बाईचा. मनगटावर विळ्याचा आडवा व्रण. तसला व्रण माझ्या डाव्या मनगटावर हाय, ज्वारी काढताना लागलेला. मनगटापतुरच हात दिसत होता. पुढचा पंजा सुकेशनीच्या पोटात होता, पाण्यात हात घालावा तसा. पोट श्वासासंगं वर यायचं, खाली जायचं. पंजा हलत नव्हता. तो खालच्या चादरीवर टेकला होता. त्या हाताला पोट ठावच नव्हतं.

मी नजर वर नेली. फटीत बसायला जागा न्हाई हे मला कळत होतं, आन् ती बसलेली हाय हे बी दिसत होतं. मान खाली. तोंडाची एक बाजू उतरलेली, जशी ओल्या भिंतीवरची माती उतरती. उजवा हात मांडीवर, पिळून ठेवलेल्या फडक्यावानी. ओठाची चांगली बाजू सारखी हलत होती. आवाज न्हाई. ती काहीतरी सांगत होती, भराभरा, मधी श्वास न घेता, पुढचं ध्यानातनं जाईल म्हणून सांगावं तसं. तिचे ओठ मिटले की माझ्या हाताखाली व्हायचं, टुक.

ती माझ्याकडं बघत नव्हती. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. ती लय दमली होती आन् थांबायला भीत होती, एवढं मला लख्ख कळलं. कारण ते कपाळ माझं होतं.

६

“ऊठ, दवाखान्यात जायचं,” मी सुकेशनीला हलवलं.

“काय झालं?”

“उचकी थांबंना.”

“आजी, उचकीनं काही होत नसतं,” ती डोळे चोळत म्हणली.

संघप्रिया उठून आली. “तारीख लांब हाय अजून, आत्याबाई. बाहेर ऊन बघा कसलं हाय. वाटंतच पोर भोवळ येऊन पडंल.”

मी दारात गेले आन् उंबऱ्यावर आडवी झाले. म्हणलं, गाडी आल्याबिगर मी हितनं उठत न्हाई. संघप्रियानं पदर तोंडाला लावला, मला वाटलं हसायली, पर ती घाबरली होती. तिनं सुगतला फोन केला. सुगतनं गल्लीतल्या पप्पूला जीप काढायला सांगितली.

पप्पू आला तसा म्हणला, “आजीला बघून वाटायलंय, दिवस सुकेशनीला न्हाईत, आजीलाच गेल्यात.” तिला मागच्या शिटावर निजवलं. माझा हात पोटावरच होता. टुक, टुक. गल्लीच्या तोंडाला शेरडं आडवी आली, पप्पूनं जोरात हॉर्न दिला, आन् माझ्या हाताखाली पोट गप झालं.

मग वाटभर ते गप होतं. मी नावं घेतली. सगळ्यांची घेतली. मालकाचं बी घेतलं.

सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई हसतमुख होत्या. पोटाला यंत्र लावलं आन् त्यांचं हसू गेलं. नर्सला काहीतरी म्हणाल्या, आन् सगळ्याजणी पळायला लागल्या. संघप्रियानं माझा हात धरला, तो पोरगी झाल्याचं कळेपतुर सोडला न्हाई. पोरगी निळसर होती. रडायला तिनं वेळ घेतला, पर रडली.

“बाळाचे ठोके उतरले होते,” बाई नंतर म्हणाल्या. “आणखी थोडा वेळ घरी थांबला असता तर बाळ हाती लागलं नसतं. कुणाच्या लक्षात आलं?”

संघप्रियानं माझ्याकडं बोट केलं.

घरी आल्यावर मी सुकेशनीला ती फटीतली बाई सांगितली. तिनं लेकराला पाजता पाजता सगळं ऐकलं. “उचकीचा आन् ठोक्याचा काही संबंध न्हाई, आजी,” ती म्हणली. “तुला भ्या वाटलं, म्हणून आपण गेलो. भ्या वाटलं हे बरं झालं.”

तेच तर मी म्हणत होते.

७

पोरगी बाळसं धरून जिंतूरला गेली. चिमी म्हणतो आमी तिला. खाट रिकामी झाली. मी दुपारी तिथंच बसायची, आन् खरंच सांगते, आठवण यायची. येऊ द्यायची मी. मला वाटायचं, तिकडं, त्या उन्हाळ्यातल्या दुपारी, आता उचकी लागली असंल आन् संघप्रिया सैपाकघरातून टोमणे मारत असंल. बरं वाटायचं.

थंडीत हात बिघडला. भाकरी थापताना उजव्या बाजूला जाड राहायला लागली. मग सुई सुटायची. बोटं उघड म्हणलं तर उघडायची, पर उशिरानं, हाक दुसऱ्या गावाला जाऊन परत यावी तशी. सुगतनं माझा हात उलटासुलटा करून बघितला. “करंट यायलाय आई, पर मोटार उचलंना,” म्हणला. हसला, पर लगेच परभणीला घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरनं माझ्या तळव्यावर किल्ली ओढली, डोळ्यात बॅटरी मारली, मशिनीत घालून डोकं बघितलं. “झटका येऊन गेलाय, लहान होता,” ते म्हणाले. “ही गोळी एकही दिवस चुकवायची नाही. हाताचा व्यायाम करायचा. हात परत येईल, आजी. गोळी चुकवली तर मोठा झटका येईल, मग माझ्या हातात काही नाही.”

हात परत येईल म्हणल्यावर सुगतचं तोंड उजळलं. माझ्या डोळ्यापुढं मात्र ती फटीतली बाई आली. तोंड उतरलेली, हात मांडीवर टाकलेली.

रविवारी सुकेशनी चिमीला घेऊन आली. रबराचा चेंडू आणला होता. “हा दाबायचा, आजी. नस एक वाट बंद झाली की दुसरी वाट शोधती. तिला शिकवावं लागतं, लेकराला शिकवावं तसं.” चिमीला माझ्या मांडीवर दिलं. चिमीनं माझं उजवं बोट मुठीत धरलं. घट्ट धरलं असंल, कारण तिची मूठ पांढरी पडली होती. मला काही कळलं न्हाई. दुसऱ्याचं बोट दुसऱ्याच्या मुठीत बघावं तसं मी बघत होते.

“बघ कशी पकड हाय तिची,” सुकेशनी म्हणली. “झटक्याच्या आधी कळालं असतं तुला.”

“आता बी कळतंय,” मी म्हणलं.

त्या दुपारी मी माझ्याशीच भांडले. गीताबाई, लेकरू जितं हाय, मांडीवर खेळून गेलं. झालेलं मोडत न्हाई. गोळी खा, चेंडू दाब, चार दिवस सुखानं भाकर थाप. आन् दुसरी म्हणली, झालं कशामुळं? ती फटीत बसली म्हणून तू उठलीस. तू चांगली झालीस तर ती कुठनं येणार? ती आलीच न्हाई, तर त्या दिवशी लाईट गेलेल्या खोलीत तू तशीच झोपून राहशील. सुकेशनी बी झोपलेली राहील. मग मांडीवर काय राहील?

येडेपणा असंल. शिकलेलं माणूस येडेपणाच म्हणंल, आन् मी बी त्याच्या तोंडाला लागणार न्हाई. पर दोन्हीतलं एक खोटं निघालं तर नुकसान कुणाचं, एवढंच मी बघितलं. ती बाई खोटी निघाली तर फुकट माझा हात जातो. ती खरी निघाली आन् मी गोळी खाल्ली, तर चिमी.

संघप्रिया रोज रात्री पाण्याचा गिलास आन् गोळी घेऊन उभी राहायची. “घेतली का, आत्याबाई?”

“घेतली,” मी म्हणायची. ती वळली की जिभंखालची गोळी पदरात.

८

मोठा झटका सकाळी आला, तोंड धुताना. पाणी ओठात राहिना, तवाच कळलं. भ्या वाटलं न्हाई. वाट बघत असलेली गाडी आल्यावर वाटतं तसं वाटलं.

दवाखान्यातून घरी आणलं. आता उजवी बाजू माझी न्हाई. तोंडातून शब्द निघत्यात ते चिखलातून पाय काढल्यावानी. सुकेशनी आली, रडली. गोळ्यांचं गठुडं सापडलं होतं संघप्रियाला. “का, आजी? का?” असं किती वेळ म्हणत होती. मी चिमीकडं बघत राहिले. तिला आता दोन दात आलेत. सुकेशनीची शाळा होती, ती दुसऱ्या दिवशी गेली. जाताना चिमीनं मला बघून तोंड वाकडं केलं, माझ्यासारखंच. संघप्रियानं तिला चापटी मारली. मला लय हसू आलं, पर ते बाहेर येईना.

भिंतीला कूलरच्या पाण्यानं ओल धरली, म्हणून सुगतनं खाट वढून खोलीच्या मधी घेतली. मला टेकायला भिंत पाहिजे, म्हणून गादी घालून मला भिंतीकडच्या अंगाला बसवलं. कुणी काही ठरवलं नव्हतं. जे ते आपलं आपण झालं.

आज दुपारी भांडी झाली. संघप्रिया आत आडवी झाली. तिचं घोरणं सुरू झाल्यावर मी डावा हात उचलला आन् खाटंवरच्या चादरीवर ठेवला. खाट रिकामी. चादर गार.

मी आठवायला लागले. तोंडानं नीट बोलता येत न्हाई, पर ओठ हलत्यात. पहिल्यापासून धरलं. पंख्याचं कुरकुरणं. बोटातल्या दोऱ्या. कोपराखाली पळालेला उंदीर. सुकेशनीचा गाऊन, त्याच्यावरची बारकी फुलं, एक बटण तुटलेलं. संघप्रियाचे टोमणे, एकूण एक. फोनमधली मोटार. एक गोष्ट सुटली तर मागं जाऊन घेतली.

लय वेळ काही न्हाई. मग तळहाताखाली, रिकाम्या चादरीवर, टुक.

मी थांबले न्हाई. टुक. पोत्यातून येणारा चहाच्या रंगाचा उजेड आठवला, उघडं तोंड आठवलं. टुक. घाम कपाळावरून डोळ्यात उतरला, तो पुसायला दुसरा हात न्हाई. खाटंच्या पलीकडं कुणीतरी माझं नाव घेतलं. हळू, मग जरा मोठ्यानं. ते नाव ऐकून थांबायची सवय असती माणसाला. मी थांबले न्हाई. मान बी वर केली न्हाई. समोर बघितलं असतं तर तीच मला दिसली असती, बघितल्यावर आठवण राहत न्हाई.

पलीकडच्या गीताबाईनं आता उठायला पाहिजे. पोरीला हलवायला पाहिजे, उंबऱ्यावर आडवं व्हायला पाहिजे. मला ठाव हाय, वेळ लागतो त्याला. मी चिमीचे दोन दात आठवते, वाकडं तोंड आठवते. ओठ जड झालेत. डावा हात बी कापायला लागलाय.

गल्लीकडं कान देऊन बसलेय. पप्पूच्या जीपचा हॉर्न अजून वाजला न्हाई.